मासे शोधणारी रिमोटची होडी

रिमोटवर चालणारी मासेशोधक होडी म्हणजे साधारण ६० ते ८० सेंटिमीटर लांबीची, बॅटरीवर चालणारी, बिनमाणसाची होडी. काठावर बसलेला माणूस ती रेडिओलहरींनी हाकतो. तिच्या तळाला ध्वनिलहरी सोडणारे आणि ऐकणारे यंत्र असते. त्याने टिपलेले पाण्याच्या खोलीचे, तळाचे आणि मधल्या पाण्यातल्या माशांचे चित्र काठावरच्या पडद्यावर उमटते. तळ्याकाठी बसून गळाने कार्प मासा धरणाऱ्या युरोपातल्या हौशी लोकांनी ही होडी रुळवली. तिकडे ती मासे शोधते आणि पोटातल्या कप्प्यातून आमिषही नेमक्या जागी टाकून येते. महाराष्ट्रातल्या तलावांत आणि धरणांत सोडले जाणारे रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस हे मासे कार्प कुळातलेच असल्याने तिची उपयुक्तता इथल्या पाण्यातही तपासता येते.

या होडीची सगळी रचना दोन भौतिक तथ्यांवर बेतलेली असते. रेडिओलहरी हवेतून कित्येक किलोमीटर जातात, पण रिमोटसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरी पाण्यात शिरल्या की काही सेंटिमीटरांतच विरून जातात. ध्वनीचे उलटे आहे. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, तर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे १,४८० मीटर, आणि पाण्यात तो दूरवर टिकतो. मात्र हवेतून येणारा ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ पूर्णपणे परावर्तित होतो. त्यामुळे काठावरून ना रेडिओने तळ पाहता येतो, ना आवाजाने. ज्याला दोन्ही भाषा येतात असा दुभाष्या हवेच्या आणि पाण्याच्या सीमेवर तरंगता ठेवावा लागतो. ही होडी म्हणजे तो दुभाष्या.

दोन शोधांचा संगम

रेडिओवर चालणारी होडी जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोखंडी पत्र्याची छोटी होडी तारेविना चालवून दाखवली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला तिचे अमेरिकी पेटंट मिळाले.

पाण्याखालच्या प्रतिध्वनीची वाट वेगळी होती. काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते, हे पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. त्याच स्फटिकांना वीज दिली की ते थरथरतात. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून पाण्यात अतिध्वनिलहरी सोडल्या आणि त्यांचे प्रतिध्वनी टिपले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या नागासाकी प्रांतातल्या फुरुनो बंधूंनी हेच तंत्र मासेमारीकडे वळवले आणि १९४८ मध्ये मासे शोधणारे पहिले व्यवहार्य यंत्र तयार केले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लॉरन्स कंपनीने ट्रान्झिस्टरवर चालणारे छोटे यंत्र हौशी मासेमारांसाठी आणले. पुढे बॅटऱ्या हलक्या झाल्या, जीपीएस स्वस्त झाले आणि टेस्लाची होडी व फुरुनोंचे यंत्र एकाच सांगाड्यात मावले.

प्रतिध्वनीचे गणित

होडीच्या तळाच्या यंत्राला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो ध्वनीचा एक अगदी छोटा ठोका सोडतो आणि लगेच ऐकत राहतो. १५ मीटर खोल तळावर आपटून परत यायला ठोक्याला ३० मीटर जावे लागते, म्हणजे सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो. हा वेळ मोजून त्याला ध्वनीच्या वेगाने गुणले आणि निम्मे केले की खोली मिळते. पाणी गरम झाले की ध्वनी थोडा वेगाने धावतो: ३० अंशांना तो सेकंदाला सुमारे १,५०९ मीटर जातो. २० अंशांचा वेग गृहीत धरून उन्हाळ्यातल्या अशा कोमट पाण्यात १० मीटर खोली मोजली, तर चूक १८ सेंटिमीटरच्या आसपास येते. माशांच्या शोधात ती चालून जाते.

ध्वनीची कंपनसंख्या किती निवडायची, यात देवाणघेवाण असते. ५० किलोहर्ट्‌झचा ध्वनी खोलवर पोचतो, पण त्याची तरंगलांबी जवळजवळ ३ सेंटिमीटर असल्याने तपशील पुसट येतो. २०० किलोहर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेसात मिलिमीटरहूनही किंचित कमी. तो खोल समुद्रात लवकर थकतो, पण तलावाच्या खोलीला पुरून उरतो आणि चित्र रेखीव देतो. म्हणून छोट्या होडीवर बहुधा २०० किलोहर्ट्‌झच्या आसपासचा ट्रान्सड्यूसर बसवतात.

ट्रान्सड्यूसरमधून निघणारा ध्वनी विजेरीच्या झोतासारखा शंकूच्या आकारात पसरतो. हा शंकू २० अंशांचा असेल, तर तळावर पडणाऱ्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या साधारण एकतृतीयांश असतो. १० मीटर खोलीवर साडेतीन मीटरचे वर्तुळ दिसते, ३ मीटरवर जेमतेम एक मीटरचे. उथळ पाण्यात होडीला फार अरुंद पट्टी दिसते, हे पुढे पडदा वाचताना लक्षात ठेवावे लागते.

सांगाडा

होडी बांधताना पहिला हिशेब वजनाचा. आर्किमिडीजच्या नियमानुसार होडी स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, आणि एक लिटर गोडे पाणी म्हणजे एक किलो. ७० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद होडी ५ सेंटिमीटर बुडू द्यायची ठरवली, तर पूर्ण चौकोनी खोक्याने साडेदहा लिटर पाणी सारले असते. पुढचे टोक निमुळते आणि कडा गोल असल्याने प्रत्यक्षात त्याचे साठ टक्के धरावेत. म्हणजे सांगाडा, बॅटरी, मोटरी, यंत्रे आणि आमिष मिळून वजन ६.३ किलोच्या आत बसले पाहिजे. पाण्याच्या वर आठ-दहा सेंटिमीटरची भिंत राहिली, तर दुपारच्या वाऱ्याच्या लाटा आत येत नाहीत.

सांगाड्याचे दोन प्रकार रूढ आहेत. एका पोटाची होडी वळायला सोपी आणि आत जागा जास्त. दोन समांतर तरंड्यांची होडी कमी डोलते, त्यामुळे ट्रान्सड्यूसरचा झोत सरळ खाली राहतो आणि चित्र स्थिर येते. दुसरा प्रकार नळाच्या दुकानातल्या सामानातूनही जमतो. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे ७० सेंटिमीटरचे दोन तुकडे टोपणांनी बंद करून समांतर जोडले, तर ते निम्मे बुडाल्यावर साधारण साडेसहा किलो वजन पेलतात. पाइपच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब त्यातच धरायचा.

फायबरचा सांगाडा करायचा असेल, तर एक चूक हमखास होते. थर्माकोलचा साचा करून त्यावर गाड्यांच्या दुरुस्तीत वापरतात तो पॉलिएस्टर रेझिन लावला, की त्यातल्या स्टायरीनने थर्माकोल विरघळतो आणि साचा डोळ्यांदेखत बसतो. थर्माकोलवर एपॉक्सी रेझिनच वापरावा. सांगाड्याच्या मोकळ्या पोकळ्यांत फोम भरून ठेवला, तर होडीत पाणी शिरले तरी ती बुडत नाही. बॅटरी सर्वांत जड असते, म्हणून तिला तळाशी, मधोमध जागा द्यावी. ती वर किंवा बाजूला ठेवली की होडी वाऱ्यात कलंडते.

मोटरी, पंखे आणि बॅटरी

होडीचा वेग मोटरीच्या ताकदीपेक्षा आधी तिची लांबी ठरवते. होडी चालली की पुढे स्वतःचीच लाट उभी करते. लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली, की होडी त्या लाटेचा चढ चढत राहते आणि वाढीव ताकद वाया जाते. ७० सेंटिमीटरच्या होडीसाठी ही मर्यादा सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग. दुप्पट ताकदीची मोटर लावून फक्त बॅटरी लवकर संपते आणि गोंगाट वाढतो.

मागच्या बाजूला दोन मोटरी बसवल्या तर सुकाणूची गरज उरत नाही. डावी मोटर जोरात आणि उजवी हळू चालवली की होडी उजवीकडे वळते. एक पुढे आणि दुसरी मागे फिरवली की ती जागच्या जागी गिरकी घेते. दोन्ही पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे घ्यावेत, नाहीतर होडी सतत एका बाजूला ओढली जाते. पंख्याचा दांडा ज्या नळीतून बाहेर येतो, तिथून पाणी आत शिरण्याचा धोका सर्वांत मोठा. नळीत जाड ग्रीस भरून ते वेळोवेळी बदलावे लागते.

महाराष्ट्रातल्या नद्यांत आणि तलावांत पंख्याचा खरा शत्रू जलपर्णी आहे. तिची मुळे आणि तुटलेल्या जाळ्यांचे नायलॉनचे दोर उघड्या पंख्याला गुरफटतात, मोटर अडकते, तापते आणि जळते. पंख्याभोवती जाळीदार कडे बसवणे हा एक उपाय. दुसरा जेट पंपाचा: यात पंखा नळीच्या आत असतो आणि पाणी मागे फेकून होडी पुढे ढकलतो. जेटची कार्यक्षमता थोडी कमी असते, पण गळाची दोरी त्यात सहजी अडकत नाही.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. १२.८ व्होल्ट आणि १२ अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे १५४ वॉट-तास ऊर्जा असते. त्यातली ऐंशी टक्के वापरायची म्हटली तर १२३ उरतात. होडी संथ चालताना सगळे मिळून ५० वॉट घेत असेल, तर जवळजवळ अडीच तास मिळतात. यूपीएसमधली १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त आणि सहज मिळणारी, पण ७ अँपिअर-तासांची बॅटरीच दोन किलोहून जड असते आणि ती दर वेळी पूर्ण रिकामी केल्यास लवकर निकामी होते. बॅटरी कोणतीही असो, तिच्या धनाग्राला लागून फ्यूज हवाच. पाणी शिरून तारा जुळल्या तर आग तिथूनच लागते.

रेडिओ आणि दिशाज्ञान

रिमोटसाठी बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरला जातो. भारतात ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. पाण्यावर मात्र एक अडचण येते. पृष्ठभागावरून परावर्तित झालेली लहर थेट आलेल्या लहरीला छेद देते आणि काही अंतरावर संदेश अचानक क्षीण होतो. होडीवरची अँटेना काठीवर उंच उभारली आणि रिमोट धरणारा उंचवट्यावर उभा राहिला, की हा त्रास बराच कमी होतो. ओली अँटेना किंवा पाण्याला टेकलेली अँटेना निरुपयोगी ठरते.

काठावरून शंभर मीटर लांबची होडी सरळ चालली आहे की तिरपी, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून होडीवर जीपीएस, होकायंत्र आणि एक छोटा नियंत्रक संगणक बसवतात. अशा नियंत्रकावर चालणारी आर्डुपायलट ही आज्ञावली मोफत मिळते आणि तिच्यात होडीसाठी सोय आहे. नकाशावर बिंदू टिपून दिले की होडी त्या मार्गाने आपोआप जाते, आमिष टाकायच्या जागी थांबते आणि परत येते. होकायंत्र मोटरींपासून आणि बॅटरीच्या जाड तारांपासून दूर, काठीवर ठेवावे. त्या तारांतल्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र त्याला फसवते आणि होडी गोल गोल फिरू लागते.

सर्वांत महत्त्वाची सोय म्हणजे संपर्क तुटल्यावर काय करायचे, याची आधीच दिलेली आज्ञा. संदेश थांबला किंवा बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली, की होडीने निघालेल्या जागी परत यावे, असे नियंत्रकात नोंदवून ठेवतात. ही सोय काठाजवळ मुद्दाम रिमोट बंद करून तपासावी.

ट्रान्सड्यूसर बसवण्याची जागा

ट्रान्सड्यूसरला हवेचा एक बुडबुडाही चालत नाही. ध्वनी पाण्यातून हवेत शिरताना जवळजवळ सगळा मागे फिरतो, त्यामुळे तोंडावर बुडबुडा अडकला तर यंत्र आंधळे होते. पंख्यांनी ढवळलेल्या पाण्यापासून तो शक्य तितका दूर आणि कायम पाण्यात बुडालेला असावा. फायबरच्या भक्कम सांगाड्यात तो आतल्या बाजूने एपॉक्सीने चिकटवला तरी ध्वनी आरपार जातो. फोमचा थर किंवा लाकूड मध्ये आले, तर ही युक्ती चालत नाही. मोटरींच्या तारा आणि ट्रान्सड्यूसरची तार वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात, नाहीतर पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडतो आणि नवशिक्याला तो माशांचा थवा वाटतो.

तास घालणे

तलावाची पाहणी शेत नांगरल्यासारखी करतात: एक तास इकडून तिकडे, मग वळण, दुसरा तास तिकडून इकडे. १०० मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद, म्हणजे एक हेक्टर पाण्यात १० मीटरच्या अंतराने दहा तास घातले, तर वळणांसह जवळजवळ १,१०० मीटर अंतर होते. सेकंदाला ०.८ मीटर वेगाने हे काम २३ मिनिटांत संपते. सेकंदाला दहा ठोके सोडणारे यंत्र या वेगाने दर ८ सेंटिमीटरला एक खोली नोंदवते. साध्या जीपीएसची चूक दोन-तीन मीटरची असल्याने तास याहून फार जवळ घालून उपयोग होत नाही. नोंदलेले बिंदू जोडले की समान खोलीच्या रेषांचा नकाशा तयार होतो.

तासांच्या मधल्या पट्टीतला तळ दोन्ही बाजूंच्या आकड्यांवरून अंदाजाने भरता येतो, कारण तळ सहसा हळूहळू बदलतो. मासे असे भरता येत नाहीत. १० मीटर खोलीवर झोताचे वर्तुळ साडेतीन मीटरचेच असल्याने दोन तासांमधले बहुतेक पाणी न पाहिलेले राहते.

पडदा कसा वाचावा

पडद्याच्या उजव्या कडेला ताजा ठोका दिसतो आणि जुने चित्र डावीकडे सरकत जाते. कठीण, खडकाळ तळ जाड आणि ठळक उमटतो. पुष्कळदा त्याच्याखाली दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेषाही दिसते: ठोका तळावरून वर, पृष्ठभागावरून पुन्हा खाली आणि परत वर आलेला असतो. मऊ गाळ ध्वनी शोषतो, म्हणून त्याची रेषा पातळ आणि पुसट असते.

मासा अनेकदा कमानीसारखा दिसतो. होडी जवळ येताना झोताची कड त्याला तिरपी लागते तेव्हा अंतर जास्त, तो बरोबर खाली आला की अंतर कमी, पुढे गेल्यावर पुन्हा जास्त. याच बदलामुळे कमान उमटते. उभी होडी आणि उभा मासा असेल तर कमानीऐवजी लांबलचक आडवी रेषा मिळते. कमानीची लांबी माशाची लांबी सांगत नाही. तो झोतात किती वेळ होता एवढेच ती सांगते. काही यंत्रे पडद्यावर माशाचे छोटे चित्र काढतात. तळातून सुटणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांनाही ती मासाच समजतात.

या गोंधळाचे कारण माशाच्या शरीरात आहे. माशाच्या मांसाची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने त्यावरून ध्वनी फारसा परतत नाही. बहुतेक प्रतिध्वनी येतो तो त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून, म्हणजे वाताशयावरून. मौल्यवान घोळ माशाच्या ज्या पिशवीला कोळी बोत म्हणतात, ती हीच. मुशी आणि पाकट यांना वाताशय नसतो, म्हणून ते त्याच आकाराच्या इतर माशांपेक्षा फार फिके दिसतात.

कोणता मासा दिसतो, कोणता निसटतो

एकाच तलावातले तीन ओळखीचे मासे होडीला सारखे दिसत नाहीत. कटला पृष्ठभागाजवळ खातो. तिथे झोताचे वर्तुळ अगदी लहान, आणि वर होडीची चाहूल लागते, त्यामुळे तो पडद्यावर येण्याआधीच बाजूला होतो. रोहू मधल्या पाण्यात चरतो आणि सर्वांत चांगला दिसतो. मृगळ तळ उकरून खातो. तळाला चिकटून असलेल्या माशाचा प्रतिध्वनी तळाच्या प्रतिध्वनीत मिसळतो, म्हणून तो बरेचदा लपतो. मरळ तर उथळ, गवताळ पाण्यात राहतो, जिथे होडीचा पंखाच अडकतो.

कार्प कुळातल्या माशांचा वाताशय छोट्या हाडांच्या साखळीने आतल्या कानाशी जोडलेला असतो, त्यामुळे त्यांची श्रवणशक्ती तीक्ष्ण असते. २०० किलोहर्ट्‌झचा ठोका त्यांच्या ऐकण्याच्या पल्ल्यापलीकडचा आहे, पण मोटरीची घरघर त्यांना स्पष्ट ऐकू जाते. म्हणून संथ मोटर, समतोल पंखा आणि मोटरीखाली रबराची गादी यांवरचे पैसे वाया जात नाहीत. पाहणी झाल्यावर गळ टाकण्याआधी पाणी काही वेळ शांत राहू द्यावे.

नियम आणि सावधगिरी

महाराष्ट्रात अनेक जलाशयांतले मासेमारीचे हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. म्हणून होडी पाण्यात घालण्यापूर्वी संबंधित संस्थेची आणि धरण असल्यास धरण प्रशासनाची परवानगी घ्यावी. धरणाच्या भिंतीजवळ आणि पाणी उचलण्याच्या विहिरींजवळ अशी होडी नेऊ नये. इंग्लंडमध्येही कित्येक तळ्यांवर या होड्यांना बंदी आहे. पावसाळा हा कार्प माशांच्या विणीचा काळ असल्याने त्या दिवसांत त्यांच्या मागे न लागणे हे शहाणपणाचे. ही होडी समुद्रासाठी नाही: लाटा, भरती-ओहोटी आणि खारे पाणी यांपुढे तिचा निभाव लागत नाही.

अडकलेली होडी आणायला पोहत जाणे सर्वांत धोक्याचे. जलपर्णीत माणूसही गुरफटतो, आणि सांगली परिसरातल्या कृष्णेसारख्या नदीत मगरी आहेत. होडीला चमकदार रंग द्यावा, तिच्यावर संपर्क क्रमांक लिहावा आणि पहिल्या काही फेऱ्या दोरी बांधून उथळ पाण्यात कराव्यात.

होडीची खरी कमाई

पडद्यावर दिसलेला मासा अर्ध्या तासाने तिथे असेलच असे नाही. तळ मात्र तिथेच असतो, आणि मासे कुठे जमतात हे बऱ्याच अंशी तळच ठरवतो. धरणात नदीचे जुने पात्र, बुडालेले बांध, विहिरी, वाड्यांची जोती हे सगळे पाण्याखाली शाबूत असते. उजनीच्या पाण्यात गेलेले पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की वर येते, तशी असंख्य बांधकामे कधीच वर येत नाहीत. त्यांच्या आडोशाला मासे थांबतात. पाणी उतरू लागले की ते जुन्या पात्राच्या खोल भागाकडे सरकतात. उन्हाळ्यात खोल धरणाच्या तळाशी थंड, प्राणवायू कमी असलेला थर साचला, तर मासे त्याच्या वरच्या पाण्यात राहतात.

म्हणून काळजीपूर्वक बांधलेल्या होडीतून हाती येणारी टिकाऊ गोष्ट म्हणजे तळाचा नकाशा. माशांचे ठिपके त्याला फक्त दुजोरा देतात. हाच नकाशा गावतळ्यात गाळ किती साचला आणि पाणी किती उरले हेही सांगतो. पावसाळ्यात नवा गाळ येतो, काठ खचतात आणि पातळी बदलते. त्यामुळे दर वर्षी पाणी स्थिरावल्यावर, दिवाळीच्या सुमारास, तेच तास पुन्हा घालावे लागतात.